कायम

नोटीस आली तेव्हा मी
पासपोर्ट फोटो कापत होतो, आठाचा संच.
पाठवणार : बळीराम मेस्त्री, मूर्तिकार, मु. पो. मठ.
विषय : वेंगुर्ला बंदरावरची गाबतीण,
माझ्या कॅलेंडरवर परवानगीशिवाय.

कुडाळच्या वकीलबाईंनी कलम काढून दाखवलं :
उघड्यावर, सार्वजनिक जागी,
शिल्प कायम उभं असेल तर
फोटोला आडकाठी नाही.
तिचा साचा काढून प्लास्टरच्या शंभरभर विकाल,
तर मात्र माझ्याकडे येऊ नका.
‘कायम’ खाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली.
फी साडेसातशे.

तसाच बंदरावर गेलो.
खाऱ्या वाऱ्याने तिचं अर्धं नाक नेलंय.
टोपलीतल्या सुरमईला शेपूट नाही.
करंगळीतून गंजकी सळी डोकावते,
आणि नव्या जेटीच्या नकाशात
ती उभी आहे तिथे
चारचाकींचं पार्किंग.

चौथऱ्यावर संगमरवर :
कुणाच्या शुभहस्ते, कोण अध्यक्षस्थानी,
ठेकेदार तर सोनेरी अक्षरांत.
मेस्त्री कुठेच नाही.

इतक्या वर्षांत तिच्या पाठीमागे
मी गेलोच नव्हतो.
कॅलेंडरला चेहरा लागतो.
त्या दिवशी गेलो.
अंबाड्याखाली, मानेच्या खळगीत,
ओल्या सिमेंटात दाबलेला अंगठा.
रेषा न् रेषा शाबूत.
तिथवर वारा पोचत नाही.

मठाला पोचलो तेव्हा म्हातारा शाडू मळत होता.
कलमाची झेरॉक्स माझ्या खिशात होती.
समोर भिंतीवर माझंच कॅलेंडर,
तारखांवर दुधाचे खाडे मांडलेले.

“पैशे नको माका,” तो म्हणाला.
“तुझ्या स्टुडिओचा नाव बारा म्हयने मोठ्या अक्षरान.
माझा खाली बारीक घातलं असतंस
तर कागद पुरलो नसतो?”

झेरॉक्स खिशातच राहिली.
घामाने भिजून
घरी येईपर्यंत तिचा लगदा झाला होता.

यंदा कॅलेंडरला मानेमागचा फोटो घातला.
गिऱ्हाईक विचारतं, हिचं तोंड कुठाय?
खाली नावही छापलं,
प्रेसवाल्याने ‘मिस्त्री’ करून ठेवलं.

पहिली प्रत घेऊन मी ओशाळत उभा.
त्याने चष्मा कपाळावर सारला,
कागद डोळ्यांशी नेला,
नाव वाचलं की नाही कोण जाणे.
स्वतःचा अंगठा फोटोतल्या अंगठ्यावर
नुसता टेकवून बघितला.

“चलात,” म्हणाला.
“ह्यो बरोबर इलो हा.”