एकोणीस सेंटिमीटर

कुइक्कायार्वीवर सकाळ नऊला होते, तीही उसनी.
मी ड्रिल खांद्यावर टाकतो, कपाळावर दिवा बांधतो
आणि गोठलेल्या तळ्याला भोकं पाडायला निघतो.
सव्वीस हिवाळे हेच.
किनाऱ्यापासून बेटापर्यंत अकरा भोकं,
प्रत्येकात आकडीची पट्टी सोडायची,
बर्फाच्या खालच्या कडेला आकडी अडकली की वाचायचं.
मग घरी येऊन दोन ओळी इंटरनेटवर टाकायच्या :
जाडी किती, गाडी न्यायची की नाही.
वाचणारे चाळीसेक. त्यात माझी बहीण, उगाच.

यंदा कुणी वाचेना.
भाची म्हणाली, मामा, लोक आता दारापर्यंत येत नाहीत.
प्रश्न विचारतात, उत्तर वरच्या वर मिळतं.
ते कसं?
सानेल्मानं कपाखालचा कागद ओढून आकृती काढली.
प्रश्न आला की यंत्र धावतं,
जवळची वाटणारी पाच-सहा पानं उचलून आणतं,
त्यांचे तुकडे करतं,
कुठला तुकडा प्रश्नाला लागून बसतो ते जोखतं
आणि मग एकेक शब्द मांडत जातं,
मागच्यापुढे जो शोभण्याची शक्यता जास्त, तो.
म्हणजे गोधडी, मी म्हणालो.
हो, पण टाके दिसत नाहीत.
आणि ते तळ्यावर जातं का?
तिनं कागद उलटा केला. मागे किराण्याची यादी होती.

खोटं कशाला बोलू, मीही विचारतो त्याला.
गुडघ्याचं, कुत्र्याच्या कानाचं, बरं सांगतं.
रात्री दोनला दुसरं कोण उठून बोलतं माणसाशी.

फेब्रुवारी संपता संपता व्हॅन आली.
येमाने, जन्म अस्मारातला, तीन वर्षं इकडे,
मागे बेटावरच्या कुणाचं तरी वॉशिंग मशीन.
मी हात आडवा केला. त्यानं फोन पुढे केला :
‘बेटाकडचा बर्फरस्ता खुला आहे.
जाडी साधारण बेचाळीस सेंटिमीटर.
तीन टनांपर्यंतची वाहनं सुरक्षित.’
किती नेटकी वाक्यं. मला अशी येत नाहीत.
शेवटी एक बारीक आकडा होता. दाबला.
आत मी होतो.
तीन हिवाळ्यांपूर्वीचा मी,
हेच ड्रिल, हाच हात,
आणि खरं बोललेला.
तारीख तेवढी वाटेत कुठंतरी गळून पडली होती.

‘नाव तुमचंच आहे,’ येमाने म्हणाला.
तक्रार नव्हती, गोंधळ होता.
स्वतःच्याच शब्दाविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली
की फार बोलू नये.
मी त्याला चालत सातव्या भोकापाशी नेलं.
तिथं खालून ओढ्याचं पाणी येतं,
बर्फाला आतून चाटत राहतं.
यंत्राला हे ठाऊक नव्हतं.
कसं असणार? मी कधी लिहिलंच नव्हतं.
इथं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून.

पट्टी त्याच्या हातात दिली.
हातमोजा काढून त्यानं आकडी चाचपली,
अंगठा आकड्यावर ठेवून वाचलं,
पुन्हा वाचलं.
‘एकोणीस.’
तेवढ्यात लांब कुठंतरी तळं तडकलं,
एका काठापासून दुसऱ्यापर्यंत, खर्जात.
तो माझ्या बाहीला धरून उभा.
घाबरू नकोस, म्हटलं, बर्फ बोलतोय तोवर ठीक.
गप्प असतो आणि गुळगुळीत दिसतो, तो वाईट.

वॉशिंग मशीन आठ दिवस माझ्या शेडमध्ये राहिलं.
कुत्रा त्याच्यावर झोपला.

त्या संध्याकाळी दोन ओळींच्या जागी सात लिहिल्या.
तारीख आधी, तारीख मध्ये, तारीख शेवटी.
सातव्या भोकाखालचा ओढा.
पट्टी कुणाच्या हातात होती ते.
आणि एक वाक्य,
कुठल्या तुकड्यात जाईल, जाईल की नाही, कोण जाणे :
हे उद्या खरं नसेल.

बहिणीनं वाचलं.
फोन करून म्हणाली, फार लांब झालंय.