प्लॉट नंबर चौदा

फोटोत समुद्र होता.
निळा, गाडीच्या पायरीशी आलेला,
आणि कुणाच्या तरी पावलांशेजारी कॉफीचा मग.
उम्म अल क्वैनच्या त्या कॅम्पवर पोचलो
तेव्हाही समुद्र होता, नाही असं नाही.
पण मध्ये पत्र्याचं उंच कुंपण होतं
आणि त्यावर अरबीत, इंग्रजीत: काम चालू आहे.
पलीकडून नुसता आवाज यायचा,
शेजारच्या फ्लॅटमधल्या भांडणासारखा.

भाड्याची कॅरव्हॅन, शारजाहून आणलेली.
मी रिव्हर्स घेताना घामाघूम,
वैजयंती खाली उभी राहून हात हलवते आहे,
ये, ये, ये, अजून ये, अरे थांब!
तिच्या ‘थांब’चा अर्थ मला
नेहमीच जरा उशिरा कळतो.
तिथल्या खजुराच्या झाडाला विचारा.

विजेच्या खांबात वीज नव्हती.
मतीन नावाचा राखणदार वायरचं भेंडोळं घेऊन आला,
“साब, एसी और गीझर एक साथ मत चलाना.
सबका जाएगा.”
मग आम्ही गीझर निवडला, तर नळाला पाणी मचूळ.
चहा केला तो तिने एक घोट घेऊन
झाडाच्या बुंध्याशी ओतला. त्याच झाडाच्या.
बिचारं.

घर तर रिकामं झालं होतं.
सामान बोटीवर चढलेलं, गाद्या सुद्धा विकलेल्या,
व्हिसा रद्द व्हायला नऊ दिवस.
“एकोणीस वर्षांत आपण या देशात
जमिनीवर झोपलोच नाही,” ती म्हणाली होती.
“कायम अकराव्या मजल्यावर.”
म्हणून ही गाडी, म्हणून हा चौदा नंबर.
(गाडीतला पलंगही जमिनीपासून चार फूट वर होता,
हे मी बोललो नाही.)

रात्री दशम्या आणि लसणाची चटणी.
बाराच्या प्लॉटवर कराओके,
एकच गाणं, तीन वेगवेगळ्या सुरांत.
वाळूत गुरगुरत फिरणाऱ्या चारचाकी मोटरसायकली.
आणि मागे, रस्त्यापलीकडे,
नारिंगी दिव्यांनी लखलखलेलं काहीतरी अवाढव्य,
पाइप, टाक्या, धुराडी,
झोपेत एकच अक्षर घोकणाऱ्या माणसासारखं
हूं हूं करत राहिलेलं.
पडदा लावला तरी उशीवर उजेड.

दोनला जाग आली तर ती शेजारी नाही.
बाहेर घडीची खुर्ची टाकून बसली होती,
कुंपणाकडे पाठ करून.
“पैसे वाया गेले,” मी म्हणालो.
ती म्हणाली, “ते काय आहे, माहितेय?
मतीनला विचारलं मी.
पाण्याचा कारखाना. समुद्रातलं मीठ काढतात.”
मग जरा वेळाने,
“आपण हेच प्यायलो ना रे इतकी वर्षं?”

हेच, किंवा ह्याच्या भावंडाचं.
रोहिनची दुधाची बाटली ह्याची.
भात, साबण, गॅलरीतली हट्टी तुळस.
तुझे बाबा गेले आणि तिकीट मिळेना,
त्या रात्री बेसिनपाशी तू
तोंडावर ओंजळीमागून ओंजळ मारत होतीस.
ह्यांनी एवढ्या खटपटीने गोडं केलेलं,
तू परत खारं केलंस.

यातलं काही मी बोललो नाही.
दुसरी खुर्ची आणली.
तिचा एक पाय वाळूत रुतत होता,
म्हणून मी सारखा तिच्याकडे कलत होतो.
“नीट बस की,” ती म्हणाली.
कराओके थांबलं होतं.
कारखाना चालूच होता.

सकाळी डिपॉझिटमधून दोनशे दिरहम कापले,
मागच्या बंपरच्या ओरखड्याचे.
मी भांडलो, पण सवयीपुरता.
मतीनने वायर गुंडाळली, सलाम केला,
“फिर आना, साब. अगले साल दीवार हट जाएगी.”
आम्ही दोघं एकदम म्हणालो,
हां हां, जरूर.