आखड

सालिम बिन खल्फान येतो तेव्हा
गाडीच्या आधी आवाज येतो.
बिदियाच्या सनायात शटर अर्धंच वर असतं,
आणि कोपऱ्यावर टायर घासतात,
हट्टी पोर चप्पल फरफटवत यावं तसे.
"कुणीतरी मागून धरतं," म्हणतो तो,
आणि स्वतःचाच दिशदाशा पाठीशी मुठीत धरून दाखवतो.
"वळताना जास्त. पण सरळसुद्धा."

सत्त्याऐंशीचं मॉडेल. रंग कधीकाळी बदामी.
हौद्यात लेंड्या, दोरखंड, खजुराची करंडी.
आजवर वाळूतच गेलं आयुष्य. गेल्या महिन्यात
त्याच्या दारापर्यंत डांबर आलं.

मी आधी सोपं बघतो.
ब्रेक चिकटलाय का? ड्रमवर तळहात ठेवला: गार.
टायरांच्या पोटावर खडूची रेघ मारली,
एकेक फेरा ढकलून जमिनीवर अंतर मोजलं:
पुढचं-मागचं सारखं.
गाडी दोनात आहे, असं लिव्हर म्हणतं.

लिव्हरवर विश्वास ठेवू नये
हे मला हसनमियां पेवेकरांनी शिकवलं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला
आणि मूठ कानाला लावून बसायचे ते.
"कानानं बग रे, डोल्यानं नको."
तोच कान पुढे गेला त्यांचा.
आता गावी ओटीवर असतात, म्हणे,
डावीकडून कुणी बोललं तर नुसते हसतात.

चारी चाकं अधांतरी उचलली.
मागचं फिरवलं, तर पुढचंही निघालं सोबत.
आत फोर्क तुटलेला, हब गंजून बसलेले.
म्हणजे ही बया कित्येक वर्षं
झोपेतसुद्धा चारी पायांवर उभी.

इथंच थांबता आलं असतं.
पण ते "सरळसुद्धा" डोक्यातून जाईना.

दोन्ही शाफ्ट सोडले.
एक चाक जखडायचं, दुसरं दोन फेरे फिरवायचं,
शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं.
मागे: चार, आणि वर थोडं.
पुढे: साडेतीन, आणि वर थोडं.
पुन्हा मोजलं. मग मिराजुलला बसवलं,
त्यानं बांगलात मोजलं.
तेवढंच आलं.

"पुढचा अॅक्सल कुणी बदलला?"

सालिम बराच वेळ टाचेनं माती उकरत राहिला.
"नासिरनं. माझा भाऊ.
ज्या साली विहिरीत साप निघाला, त्या साली.
वादीत एक मोडकी गाडी पडली होती.
दोन रात्री, तोंडात टॉर्च धरून.
त्याला वाटलं, बसला म्हणजे जमला."
मग म्हणाला, "वाळूत कधी बोलली नाही गाडी."

कशी बोलेल?
वाळू जास्तीचं अंतर
चाकाखालून सांडून देते.
डांबर एक बोटसुद्धा सोडत नाही, वाण्यासारखं.

सांगितलं, जोडीचा डिफरन्शियल
सूरच्या भंगारात मिळेल, साठ रियाल.
त्यानं पुढच्या अॅक्सलकडे पाहिलं,
झोपलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
"तो नको काढू."

मी मग फोर्क बदलला. हब खोलून, घासून,
ग्रीस भरून हातानं फिरतील असे केले.
डांबरावर असे ठेव. वाळूत असे.
पंधरा रियाल झाले. वर ओंजळभर खजूर, खडे निवडून.

शटरपाशी उभा राहून पाहिलं.
वळणावर गाडी घासली नाही,
लोण्यातून सुरी गेल्यासारखी गेली.
पेट्रोलपंपापलीकडे मात्र थांबली.
म्हातारा उतरला, वाकला,
आधी एक हब फिरवला, मग दुसरा,
आणि रस्ता सोडून खाली उतरला.
डांबराला लागूनच चालला होता,
हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून,
वाळूवरून.

मिराजुल म्हणाला, उस्ताद, चहा.
दुसऱ्यांदा म्हणाला असावा.
मी अजून गाडीचा आवाज शोधत होतो.
येत नव्हता.
कान बदलून पाहिला.