अधिकची अडतीस मिनिटं

मुख्याध्यापक म्हणाले, सातवीतली अकरा मुलं गणितात मागे,
सहा वाचनात, चार दोन्हींत.
तेव्हा आठवड्यातून दोनदा अडतीस मिनिटं शोध, लॉरेटा.
शोध म्हणाले. जशी काही ती
कपाटामागे पडली असावीत.

ग्रंथालयामागच्या खोलीत पांढरा फळा.
प्रत्येक पोराचं एक चुंबक, नाव माझ्या अक्षरात.
खिडकीबाहेर बिटाचे ट्रक, रस्त्यावर सांडलेले कंद,
आणि साखर कारखान्याचा तो वास,
जो ऑक्टोबरात आम्हाला येत नाही, पाहुण्यांनाच येतो.

एक चुंबक हलवलं की दुसरं घसरतं.
कोल्टनला अपूर्णांक द्यावेत तर त्याचा बँड जातो.
मान वर करून तो करतो अशी एकच गोष्ट, ट्रॉम्बोन.
यारेलीला चित्रकला सोडायला काही वाटत नाही म्हणे.
म्हणे, कारण हे ती जमिनीकडे बघून म्हणाली.
जेवणाची सुट्टी बावीस मिनिटं, त्यातली नऊ रांगेत.
शाळा सुटल्यावर? तीन बाराला चौदा नंबरची बस निघते,
शेवटचं घर एकतीस मैलांवर,
आणि दुसऱ्या बसला चालक नाही.

मी बँड काढला. खोटं कशाला बोलू.
अंगठ्यानेच पुसला.
कोल्टन काही बोलला नाही.
गणिताला तो ट्रॉम्बोनची पेटी घेऊन बसू लागला,
दोन्ही गुडघ्यांत धरून,
गुरांच्या डॉक्टरकडे आजारी कुत्रं घेऊन बसावं तसा.

नोव्हेंबरात हॅल्व्हरसन सरांचा पिकअप बंद पडला.
ते चौदाच्या शेवटच्या थांब्यापलीकडे राहतात.
व्हर्ना, बसची चालक, म्हणाली, बसा, पण मागे.
मागे कोल्टन, यारेली आणि स्टेंगेलांची जुळी.
वाफ धरलेल्या काचेवर सरांनी बोटाने
तीन चतुर्थांश काढले.
यारेलीने त्याचं निम्मं केलं: तीन, खाली आठ.
तेवढ्यात खड्डा आला, बोट घसरलं, तिनाचा आठ झाला.
"मग ते एक," कोल्टन म्हणाला.
हे सगळं व्हर्नाने सांगितलं. मी तिथे नव्हते.

पिकअप दुरुस्त होऊन आला, बिल आलं, सर चिडले.
तरी मंगळवार-गुरुवार अजून बसनेच जातात.
म्हणजे सकाळीही बसनेच यावं लागतं,
त्याबद्दल कुरकुरतात, आणि येतात.
व्हर्ना आतला दिवा चालू ठेवते. नियमात बसत नाही ते.
कोल्टनचं चुंबक मी बँडखाली परत सरकवलं.
जिल्ह्याच्या अर्जात रकाना होता, खोली क्रमांक.
मी लिहिलं, चौदा.
आमच्याकडे खोल्या एकशे एकपासून सुरू होतात.
कुणी विचारलं नाही.

राहिली इदिल.
ती बसची नाही, चालत जाते.
आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला, घरी तीन धाकटी,
तीन वीसला दाराची कडी हिनेच काढायची.
दिवसाचे सगळे रकाने भरलेले,
इंग्रजीचा जादा तास आधीचाच.
तिचं चुंबक कधीपासून फळ्याच्या चौकटीवर, चौकोनांबाहेर.
काल ते माझ्या कोटाच्या खिशात निघालं,
किल्ल्यांच्या जुडग्याला चिकटून.
मी ठेवलं नव्हतं. निदान आठवत तरी नाही.

आज जिन्यात तिला विचारलं, सकाळी जमेल?
म्हणाली, मी सहालाच उठते, मिस,
पण दार साडेसातला उघडतं.
मग म्हणाली, बाहेर थांबायला चालेल मला.

चालेल म्हणाली.
उद्या उणे एकवीस सांगितलंय.

रात्री गाडीच्या इंजिनाची वायर भिंतीत खोचली,
गजर पाऊण तास अलीकडे घेतला.
तिला कसली पुस्तकं आवडतात
ते विचारायचं राहूनच गेलं.