सपाट जागा

मंगळवारी वजनकाटा स्कूटीच्या हुकाला.
फाट्यापासून चार किलोमीटर मुरूम,
पिशवीतून काटा गुडघ्याला ठोकत राहतो
आणि त्याचं शून्य सरकतं.
गावात शिरताना मी ते अंगठ्याने जागेवर आणते.

कुशावर्ता बाभळीखाली उभी, वही छातीशी.
'आधी अयोध्याकडं. सातवा लागलाय. पाय सुजलेत.'

भाकरी थापता थापता उठून आली,
हात पिठाचेच.
पापणी खाली ओढली मी. आतून
भिजवलेल्या ज्वारीसारखी.
'गोळ्या घेतेस?'
'घेते की,' चुलीकडे बघत.

काट्याला सपाट जागा लागते.
अंगणात डुगडुगला.
ओसरीत, सारवणाच्या पोपड्यांवर,
तीन किलो जास्तच दाखवायला लागला.
घरात शहाबादी फरशी एकच,
तिच्यावर पाच हंडे, टँकरचे, काठोकाठ.
'राहू द्या, अंदाजे लिहिते.'
अंदाजे मी पुष्कळ लिहिलंय.

पण गयाबाई उठली. सासू.
मागच्या खेपेला दारातूनच म्हणाली होती,
'आमी काय मोजून बाळंत झालो का?'
एकेक हंडा उचलून
दाराशी ठेवला तिने, थेंब न सांडता,
आणि पदराने फरशी पुसली.

एक्केचाळीस.
गेल्या महिन्यातही एक्केचाळीस.
अयोध्या आकडा बघायला वाकली
तर मध्ये पोट.
'ह्यात लेकराचं किती, माझं किती?'
हे मला वेगळं काढता येत नाही.

मग गयाबाई चढली, कुणी न सांगता.
छत्तीस.
'सात येळा राहिले,' म्हणाली,
'तवा किती आसंन वो?'
माझ्याकडे तिचं कार्ड नव्हतं.

उतरली. फडताळातून डबा काढला,
डाळीच्या पिठाच्या तळाशी
मी दिलेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या,
जशाच्या तशा.
'लेकरू मोठं व्हतं म्हणले, अडतं.
म्याच ठिवल्या. हिला नका बोलू.'

रागवायला हवं होतं मी.
कुशावर्ता वहीत नाक खुपसून.
पट्ट्यांवरचं पीठ फुंकून तारीख पाहिली:
मार्चपर्यंत चालतील.

हंडे परत जागेवर ठेवायला हात लावला,
पहिलाच उचलेना.
'आसू द्या शिस्टर तितंच,
फुडल्या मंगळवारी काढायचेच हायती.'

काटा पिशवीत घातला.
पाण्यावरून पाय उचलत
बाहेर आले.