कुत्र्यांची नावं

लाकडाची गिरणी बंद पडली त्या साली
मी मासे धरायला शिकलो.
बत्तीस वर्षं करवतीशेजारी काढलेला माणूस मी,
डावा कान गेलेला, उजवी तर्जनी पेरभर आखूड,
आणि बोलणं म्हणजे ओरडणंच.

टास्मानियाच्या माथ्यावर, जिथे झाडं
वाऱ्याकडे पाठ करून वाढतात,
एक तळं आहे. नकाशात नाव नाही, नुसता आकडा.
तिथे वर्ना पायबस कालव्याचं दार उघडायची, लावायची,
सरकारने दाराला यंत्र बसवेपर्यंत.
आता पत्र्याच्या खोपीत राहते, एक खुबा निकामी.
पहिल्या दिवशी तिने माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलंच नाही.
बुटांकडे पाहिलं.
"तुला आधी जमीन शिकावी लागेल," म्हणाली.

ट्राउटचे कान दिसत नाहीत,
पण काठावरचं पाऊल त्याला अंगभर ऐकू येतं.
म्हणून अख्खा नोव्हेंबर मी गळ न टाकता चाललो,
गवताच्या बेटांवरून, टाच न टेकवता,
चोरासारखा, आणि चोरण्यासारखं काही नसताना.
सूर्य पाठीशी हवा, तरच पाण्यातलं दिसतं.
पण सूर्य पाठीशी असला
की आपल्याआधी आपली सावली तळ्यात उतरते.
"मग करायचं काय?" मी खेकसलो.
पलीकडच्या काठावरून दोन बदकं उडाली.
"बुटका हो," वर्ना म्हणाली.

मासा काठाकाठाने फिरतो, दूधवाल्यासारखा,
राखी खडकापासून बुडालेल्या ओंडक्यापर्यंत
त्याच घरांवरून, परत त्याच वाटेने.
तो आहे तिथे टाकू नकोस.
येणार आहे तिथे टाक,
आणि मग काही करू नकोस.

हे काही न करणं मला जड गेलं.
गिरणीत हात थांबला की मुकादम बघायचा.

पहिला आला, मी हिसका दिला,
केसाळ खोटा किडा त्याच्या तोंडातून निसटून
माझ्या टोपीत रुतला.
दुसऱ्याने दोरा तोडला.
तिसरा खोकल्याने गेला.
चौथा कशाने गेला ते अजून कळलेलं नाही.

"घास घेतो, तोंड मिटतो, खाली वळतो," वर्ना म्हणाली.
"तेवढा वेळ त्याचा आहे. देऊन टाक त्याला."
तेवढा म्हणजे किती?
तिने खोपीमागच्या तीन दगडांकडे हनुवटी केली.
"माझ्या कुत्र्यांची नावं घे. टिंकर. मॉस. पर्ल.
पर्ल सावकाश घे. लंगडी होती,
हाक मारली तरी यायला वेळ लावायची."

फेब्रुवारीत वारा फिरला,
निलगिरीवरचे भुंगेरे पाण्यावर पडू लागले.
आखूड बोटाने मी काळ्या दोऱ्याचा एक भुंगेरा बांधला,
इतका ओबडधोबड की वर्नाने चष्मा काढून ठेवला.
गुडघ्यांवर बसलो. चड्डी भिजली.
खडकाकडून तो आला, घाई नसलेला,
पिवळट पाठीवर ठिपके,
मध्येच थांबून काहीतरी टिपलं, पुन्हा निघाला.
माझ्या भुंगेऱ्याखाली पाण्याला बारीक चीर पडली
आणि मिटली.

टिंकर.
मॉस.

हात शिवशिवत होता. छातीत करवत सुरू होती.
मी पर्लची वाट पाहिली.
ती आली, तीन पायांवर, गवतातून.
मग काठी उचलली.

संध्याकाळी वर्नाच्या दारात उभा राहिलो,
एका हातात मासा, दुसऱ्या तळव्यात
त्याच्या पोटातून निघालेले सतरा भुंगेरे,
आणि सांगितलं तिला सगळं,
खडक, चीर, तिन्ही नावं.

ती कानामागे हात धरून पुढे वाकली.
"काय पुटपुटतोस?
मोठ्याने बोल की जरा."