काचनळी

धंतोलीच्या लॅबमधून आणलेली नळी.
रक्ताऐवजी आता तिच्यात
पाणी, कापूस
आणि खांबाखाली सापडलेली राणी.

पंख तिनंच उतरवले.
दीड महिना कणभर खाल्लं नाही.
उडायचं बळ अंगातच जिरवून
अळ्यांना भरवत राहिली.

मानेवाड्यात पारा सेहेचाळीस.
कूलरचं तोंड मी नळीकडं वळवलं,
तशी कुंदा म्हणाली,
"लोकं मुंग्यायसाठी खडू ओढते,
अन् तू कूलर लावून रायला!"

परवा पाच जणी निघाल्या.
फिक्या, तिळाहून बारीक.
साखरपाण्याच्या थेंबाला
अशा टेकल्या
की थेंब हललासुद्धा नाही.

रात्री पाण्याला उठलो.
कुंदा जमिनीवर पालथी,
टॉर्चवर लाल जिलेटिन धरून.
"हळू चाल," म्हणाली,
"सहावी निंगून रायली."